फळ्यावर होतं ना!

मी एक फळा. सागवानी फळ्या जोडून कुरखेड्याच्या जलालुद्दीन मिस्त्रीनं मला घडवलं, काळा रंग दिला आणि बैलगाडीत घालून जंगलातल्या एका शाळेत पोचवलं. तिथे तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात बापूराव गुरुजींच्या हाती माझं आयुष्य गेलं.

गुरुजी मनापासून शिकवायचे. पुरात नाला भरला तरी कपडे डोक्यावर बांधून यायचे. अक्षर असं सुरेख, की मलाच माझा अभिमान वाटे. ते लिहीत, मुलं उतरवून घेत आणि मग सगळा वर्ग एका सुरात म्हणे. मुलांनी विचारायचं काही नसे. मलाही ते बरोबरच वाटायचं.

सत्त्याण्णव साली भद्रावतीच्या साबिरा बाई शाळेत आल्या. नवं प्रशिक्षण घेऊन आलेल्या. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत, सांगितलेलं तपासू द्यावं, असं त्या म्हणत. गुरुजींना ते पटेना.

"पोरं प्रश्न पुसत बसली त पोर्शन कधी पुरा होईन, बाई?" ते म्हणाले.

बाईंनी वाद घातला नाही. एक तास मागितला आणि आपण मुद्दाम काय चुकीचं लिहिणार, तेही आधीच सांगितलं. गुरुजी हसले. म्हणाले, माही पोरं तुमाले हसतीन.

चैत्र होता. सकाळची शाळा. पहाटेच मोहाची फुलं वेचून मुलं थेट वर्गात आली होती. अंगाला, कपड्यांना तो गोड वास होता. बाईंनी माझ्यावर ठळक लिहिलं : मोहाची फुलं पावसाळ्यात गळतात.

मी मुलांच्या हसण्याची वाट पाहिली. दारात उभे असलेले गुरुजीही पाहत होते.

माना खाली गेल्या. पाट्यांवर पेन्सिली कुरकुरल्या. मग नेहमीच्या सवयीनं सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "मोहाची फुलं पावसाळ्यात गळतात."

बाईंच्या हातातला खडू खाली पडला. एखाद-दुसरं मूल चुकेल, असं त्यांना वाटलं होतं. हे नव्हतं वाटलं.

गुरुजी आत आले. पुढच्या रांगेतल्या, तिसरीतल्या बुधरीची पाटी त्यांनी हातात घेतली. तिची बोटं अजून मोहाच्या रसानं चिकट होती.

"बुधरे, फुलं कधी वेचली?"

"आज सकाळी, गुरुजी."

"मंग हे खोटं आहे, माईत नोतं तुले?"

"माईत होतं."

"मंग लिवलं काऊन?"

बुधरी गोंधळली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "फळ्यावर होतं ना, गुरुजी."

गुरुजींनी पाटी तिच्या हातात परत ठेवली. त्या दिवशी त्यांनी काही शिकवलं नाही. मीही सुन्न झालो होतो. जिच्या हाताला सकाळची फुलं चिकटली होती, तिनं स्वतःच्या हातापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला होता.

तालुक्याच्या बैठकीत गुरुजींनी हे सगळ्यांना सांगितलं. परत आल्यावर तिथलं बोलणं ते बाईंना सांगत होते. बाकीचे शिक्षक म्हणाले होते, पोरं इतकी ऐकतात, हे त चांगलंच आहे; आमची कुठी ऐकतात! याचा धक्का त्यांना पहिल्यापेक्षा मोठा बसला.

त्यानंतर ते वर्गाला विचारू लागले, हे खरं कशावरून? मुलं गप्प राहत. कितीतरी आठवडे गप्पच.

पावसाळ्यात एकदा गुरुजींनी गुणाकार मांडला आणि हातचा विसरले. या वेळी चूक मुद्दाम नव्हती. आता चौथीत आलेली बुधरी उभी राहिली. पाटी छातीशी घट्ट धरलेली.

"गुरुजी, हे चुकलं."

गुरुजींचा चेहरा लाल झाला. रागावतील, असंच मला वाटलं. त्यांनी उदाहरण पुन्हा पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग खडू तिच्यापुढे धरला.

"ये. दुरुस्त कर."

तिनं तळहातानं आकडा पुसला आणि बरोबर लिहिला.

गुरुजी निवृत्त झाले. भिंतीवर नवा, गुळगुळीत फळा आला. मी आता खिचडीच्या खोलीत तांदळाच्या कोठीवर झाकण होऊन पडलोय. त्याचं वाईट वाटत नाही.

नव्या फळ्यासमोर उभं राहणाऱ्यांनो, एवढंच मागतो. कोणी मूल उठून 'चुकलं' म्हणालं, तर त्याला खाली बसवू नका. ते घाबरतच उठलेलं असतं. आमची काळजी नको. फळ्याला पुसलेलं दुखत नाही.