भाताच्या मैदानावरचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, माझ्यावर कुणी कधी पाढे लिहिले नाहीत. बास्केटबॉलच्या रिंगमागे चौकोनी फळा असतो ना, चेंडू ज्याच्यावर आपटून आत पडतो, तो मी. म्हणजे होतो. सध्या मी एका डुकराच्या खोपटाचं दार आहे, आणि ते डुक्कर रोज सकाळी मला नाकाने ढकलून पाहतं.

मनिलाच्या दक्षिणेकडच्या पनाय बेटावरच्या एका खेड्यात माझा जन्म झाला. वादळात पडलेल्या माडाच्या फळ्या जोडून इन्सोय सुताराने मला घडवलं. रिंग त्याने बांधकामाची सळई वाकवून केली. ती जरा डावीकडे कलली ती कायमचीच. गावाच्या एकुलत्या एका सिमेंटच्या मैदानावर मला उभं केलं. घाम इन्सोयचा, पण माझ्या कपाळावर निळ्या रंगात नाव रंगवलं ते गावच्या कप्तानाचं, म्हणजे आमच्याकडच्या सरपंचाचं, एलिसेओचं. त्याला सगळे 'काप' म्हणत. बसथांब्यावर आणि दवाखान्याच्या बाकावरही त्याचंच नाव होतं, म्हणून मी वाईट वाटून घेतलं नाही.

भातकापणीच्या दिवसांत मैदानावर भात वाळत पडे. दिवसभर बायका दाताळ्याने ते वरखाली करायच्या, उन्हं कलली की पोत्यांत भरायच्या आणि मैदान झाडून द्यायच्या. मग मुलं खेळायला धावत. सगळ्यांत आधी यायचा जूनरेल.

त्याची आई फेलिंग मैदानासमोर छोटं दुकान चालवायची. साबण, सुके मासे, सुटी बिस्किटं असलं काहीबाही विकायची. बाप जहाजावर गेला तो परतला नाही. जूनरेल सहा वर्षांचा असताना रबरी चपला घालून पहिल्यांदा माझ्यासमोर उभा राहिला. त्याचा चेंडू माझ्या अर्ध्यापर्यंतही पोचेना. पण पोरगं चिवट होतं. चपलेचा पट्टा तुटला की तो खिळ्याने अडकवायचा आणि पुन्हा चेंडू फेकायचा. वर्षभरात माझी डावी खोड त्याला माझ्याहून जास्त कळली. त्याचा चेंडू अंगावर आपटला की मला बरं वाटायचं, हे मी उघड सांगतो.

पुढे तो असा काही उंच झाला की फेलिंगला दुकानाचं छप्पर वर घ्यावं लागलं. "आता नारळ काढायला शिडी कशाला? जूनरेलला सांगा, हात वर कर!" असं दुकानाच्या बाकावर बसलेले पुरुष म्हणायचे. गावच्या शाळेच्या संघात तो आला, मग तालुक्याच्या, मग प्रांताच्या. प्रांताच्या स्पर्धेला निघाला तेव्हा त्याच्या पायात धड बूट नव्हते. कापने स्वतःच्या हाताने नवे बूट आणून दिले आणि गावची गाडीही पाठवली. घराघरातून वाटीवाटी तांदूळ आला. फेलिंग दुकानात उभी राहून रडली. त्या दिवशी मला वाटलं होतं की आपल्या गावाएवढं मोठं मन कुणाचंच नसेल.

त्यानंतर इलोइलो शहरातल्या एका कॉलेजने त्याला उचललं. शिकणं, राहणं, जेवण सगळं फुकट. अट एकच: कॉलेजच्या संघाशिवाय बाहेर कुठेही एकही सामना खेळायचा नाही. खेळलास तर तुझी जागा गेली, असं प्रशिक्षकांनी बजावलं होतं. शनिवारी दुकानातल्या फोनवर त्याचे सामने लागायचे आणि अख्खं गाव त्या तळहाताएवढ्या पडद्यावर वाकायचं. पुढच्या वर्षी मनिलाच्या मोठ्या संघाची माणसं त्याला बघायला येणार, अशी बातमी आली. फेलिंगने दुकानातल्या रोझारियो मातेच्या तसबिरीला नवा हार घातला.

आणि ऑक्टोबरात त्याच मातेचा सण आला. सणाचा शेवटचा सामना शेजारच्या गावाशी असतो. त्या वर्षी शेजाऱ्यांनी बाहेरून दोन तगडे खेळाडू आणले होते. जूनरेल सणासाठी दोन दिवस घरी आला होता. काप दुकानाशी आला, खुर्ची ओढून बसला.

"तोतो," तो म्हणाला. आमच्याकडे मुलाला लाडाने अशीच हाक मारतात. "एकच सामना. गावची अब्रू आहे."

"काप, प्रशिक्षकांनी मनाई केलीय. जागा जाईल माझी."

"शहरातल्यांना कळतंय कशाला! आणि मी कधी काही मागितलंय का तुझ्याकडे? बुटांचं तरी कधी बोललो?"

बोलला नव्हता. आत्ता बोलला. काप गेल्यावर जूनरेल आईला म्हणाला, "नानाय, तू सांग त्यांना, नाही म्हणून."

"कोणत्या तोंडाने सांगू?" फेलिंग म्हणाली. "त्यांच्या गाडीतून गेलास तू. खेळून टाक, बाळा. एकच तर सामना."

सामन्याच्या दिवशी ऊन कडकडीत पडलं होतं, म्हणून कापने स्वतःचं भात मैदानावर पसरलं. तासाभरावर सामना आला तरी ते उचलेना. "अजून जरा वाळू दे," म्हणायचा. त्याला कोण बोलणार? शेवटी बायकांनी धावपळ करून पोती भरली. माझ्या पायाशी झाडू मारला तो फेलिंगने. घाईत मारला. मला वरून कोपऱ्यातले दाणे दिसत होते. मला तोंड असतं, तर मी ओरडलो असतो.

शेवटचं मिनिट होतं. जूनरेल उडाला, चेंडू माझ्या उजव्या अंगावर अलगद टेकवला आणि दाण्यांवर उतरला. त्याचा पाय घसरला, गुडघा आतल्या बाजूला वळला. तो आवाज मी ऐकला. पण चेंडू आत गेला होता, म्हणून गाव आधी आनंदाने ओरडलं. तो खाली पडलाय हे लोकांना मागाहून दिसलं.

दवाखान्यात न्यायचं तर कागद होणार, कागद झाले की कॉलेजला कळणार. म्हणून हाडं बसवणाऱ्या लोला सियोनला बोलावलं. म्हातारीने खोबरेल तेल लावून गुडघा चोळला. जूनरेल दात आवळून पडला होता. "शीर चढलीय, उतरेल," ती म्हणाली. तिने आयुष्यभर गावाचे पाय बरे केले होते, तिला मी दोष देत नाही. तिसऱ्या दिवशी तो लंगडत शहरात गेला. काही झालं नाही असं सांगून सरावाला उतरला. तिथे गुडघ्यात उरलंसुरलं होतं तेही तुटलं.

शस्त्रक्रियेचं तरी कॉलेजने बघितलं असतं. पण कापने विजयाचा व्हिडिओ अभिमानाने सगळ्या जगाला दाखवला होता: 'आमचा जूनरेल, गावासाठी खेळला!' प्रशिक्षकांनी तो पाहिला.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. जूनरेल आता दुसऱ्यांचं भात वाळवतो, एक पाय ओढत दाताळं फिरवतो. मनिलाची माणसं आली की नाही ते कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी मैदानावर काचेसारखा नवा फळा आला, त्यावर कापचा फोटोही आहे. मला उतरवलं तेव्हा जूनरेलच मला मागून घेऊन गेला. मला वाटलं, घरात भिंतीला टांगेल. त्याने मला खोपटाच्या दाराला ठोकलं, तेही उलटं. ठोकताना एकदा माझ्या उजव्या अंगावर हात फिरवला, बस्स.

मित्रांनो, माझ्यासारखे फळे शेवटी 'आमची निगा राखा' असं सांगतात. मला निगा नको, लाकूड कुजायचंच. जमलं तर एवढं करा: खेळायच्या आधी मैदान नीट झाडा, आणि तुम्ही कुणाला बूट दिलेत तर ते देऊन विसरून जा. तुम्ही हे कराल असं मला वाटत नाही. आमच्या गावाने अजून केलेलं नाही. कापचं भात परवाही सामन्याच्या तासभर आधीपर्यंत वाळत होतं.

खोपटाच्या फटीतून मला मैदानाचा एक कोपरा दिसतो. फेलिंग तिथे रोज झाडते, भात नसलं तरी. आता तिची नजर मंदावली आहे, म्हणून ओणवी होऊन बोटांनी दाणे चाचपते. काल जूनरेल कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"नानाय, पुरे आता. स्वच्छ झालंय."

"थांब तोतो," ती म्हणाली, "अजून एक राहिलाय."