दाराआडच्या टाइल्स

आमच्या कुमासी शहरात माणूस आजारी पडलं की नातेवाईक पांगतात, आणि डॉक्टरनं हात टेकले की रंगारी घेऊन परत येतात. आमच्या आईच्या वेळीही तेच झालं.

शॉवरच्या भिंतीवरच्या टाइल्स ढिल्या झाल्यात, हे आई कधीपासून सांगत होती. सांध्यांतलं पांढरं सिमेंट झडलेलं, मागं पाणी मुरलेलं, बोटानं ठोकलं की बद्द आवाज. आंघोळ करताना ती डावा हात भिंतीला टेकून उभी राहायची आणि हाताखालची टाइल हलायची. एकदा टाइल निखळली आणि तिच्याबरोबर आईही खाली आली. मी हॅम्बुर्गला दादाला फोन केला.

"पोकुआ, एवढ्यातेवढ्याला फोन करू नकोस गं. सांभाळून आंघोळ करायला सांग तिला."

मोठा माणूस. थंडीच्या देशात राहतो, डोकं थंडच असणार.

पुढं आईला न्यूमोनिया झाला, शुद्ध गेली, डॉक्टरनं आशा सोडली. एवढं कळताच दादाला विमान मिळालं. इस्पितळात तो जेमतेम डोकावला आणि घरी येऊन भिंती न्याहाळत फिरू लागला. सोबत द्वोमो मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ आणि आमच्या कुळाचे प्रमुख. ती जिवंत असताना मयताचं नाव काढणं अशुभ, म्हणून दोघंही 'कार्यक्रम' म्हणत होते. केवढी ती लाज!

"कार्यक्रमाला सोयरे येतील, परदेशातली मंडळी येतील," मामा म्हणाले. "हातपाय धुवायला ह्याच बाथरूममध्ये जाणार. लोक काय म्हणतील?"

"मामा, ती अजून आहे," मी म्हणाले.

"म्हणून तर हाताशी वेळ आहे ना, पोरी!"

बोआडी गवंडी आला, मागोमाग रंगारीही. त्यानं हातोडीच्या दांड्यानं सगळी भिंत ठोकून पाहिली. "ढिल्या तेवढ्या सगळ्या काढाव्या लागतील. जुना सिमेंटचा माल खरवडायचा, भिंत वाळू द्यायची, मग नव्या लावायच्या."

दादा उंबऱ्यावर उभा राहिला, डोळे बारीक केले, मान इकडून तिकडे फिरवली. पाहुणा दारातून कुठंवर बघेल, ते तो पाहत होता. "समोरच्या कर. ह्या डाव्या बाजूच्या राहू देत. दार आत उघडलं की झाकल्या जातात."

"दादा, आई तिथंच हात टेकते!"

"आता कुठली टेकतेय?" तो म्हणाला आणि रंगाऱ्याकडं वळला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई परत आली तर तिला न पडता आंघोळ करता यावी, एवढंच मला हवं होतं. मी भांडले, बोआडीला अडवलं. मामांनी मला दुःखानं डोकं फिरलेली ठरवलं आणि स्वयंपाकघरात धाडलं. समोरची भिंत आरशासारखी चकचकीत झाली. फाटकाला रंग लागला. मांडववाल्यालाही सांगून झालं.

आणि आईनं डोळे उघडले. उघडले ते उघडले, वर फुफूचे गोळे आणि बकरीच्या मटणाचा रस्सा मागितला. दादा असा सुन्न बसला की नर्सनं येऊन त्याचंच सांत्वन केलं.

आईला घरी आणलं तेव्हा ती फाटकाशीच थांबली. ओला रंग, झाडलेलं अंगण, भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्या, सगळं तिनं सावकाश पाहिलं. तिनं स्वतः किती मयतं केलेली.

"कोण गेलं?"

मामा चपलेचा पट्टा नीट करू लागले. दादा फोनमध्ये शिरला.

"मी होय? बरं."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ती बाथरूममध्ये गेली. समोरच्या टाइल्स ठोकून पाहिल्या. "छान बसवल्यात," म्हणाली. मला वाटलं, इथंच थांबेल तर बरं. पण तिनं आतून दार लावून घेतलं आणि दारामागच्या टाइल्सवर बोट मारलं. टाइल हलली. तिनं दार उघडून दादाला हाक मारली.

"अनाने, ह्या का राहिल्या रे?"

दादा गडबडला. खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते.

"आई, ते... दार उघडं असलं की त्या दिसत नाहीत."

आईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आवाज चढवला नाही.

"बाळा, मी दार लावून आंघोळ करते."