मंगळवारी ठीक होत्या

“आधी त्यांचे हात सोडा,” शीतल म्हणाली.

सिस्टरने मानही वर केली नाही. “रात्रभर सलाईन उपटत होत्या. पडल्या असत्या तर तुम्हीच ओरडला असतात ना?”

घाटकोपरच्या त्या हॉस्पिटलात वनमालाबाई परब, शीतलच्या सासूबाई, खाटेवर पडल्या होत्या. दोन्ही मनगटं पट्टीने कठड्याला बांधलेली. मान वळवून त्या खाटेखाली बघायला धडपडत होत्या.

“पोरां रडतत गो. खाली पोरां आसत. माका सोड.”

कांजूरमार्गच्या चाळीत त्यांनी तीसेक वर्षं पाळणाघर चालवलं होतं. कामावर जाणाऱ्या बायका झोपेतली पोरं त्यांच्या मांडीवर टाकून पळायच्या, आणि संध्याकाळी पोरं पाढे म्हणत घरी जायची. ते पाळणाघर बंद होऊनही बरीच वर्षं झाली होती. खाटेखाली फक्त बेडपॅन होतं.

शीतलचा नवरा राजेश दाराशी उभा होता. “डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे म्हणाले रात्रीचे डॉक्टर. मी बदलापूरच्या त्या वृद्धाश्रमात फोन केलाय. आपण दोघं कामावर, आपली प्रांजल कॉलेजात. कोण बघणार आईला?”

“किती वेळ तपासलं त्यांनी?”

राजेशने हातातला फोन खिशात टाकला.

लग्न झाल्यापासून शीतलचं सासूबाईंशी कधी धड पटलं नव्हतं. आमटीतल्या मिठापासून खिडकीच्या पडद्यापर्यंत सगळ्यावर वाद. पण म्हणूनच त्या बाईचं डोकं कसं चालतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. राऊंडला आलेल्या डॉक्टर रेवतीसमोर ती आडवीच उभी राहिली.

“मॅडम, परवा मंगळवारी या माझ्याशी तासभर भांडल्या. मुद्देसूद! प्रांजलच्या बारशाला मी काय चुकले होते, तेसुद्धा काढलं. अशा बाईला दोन दिवसांत डिमेन्शिया होतो का?”

डॉक्टर थांबली. “जुनं आठवणं वेगळं, ते पुष्कळांना आठवतं. पण दोन दिवसांत, म्हणालात ना? ते महत्त्वाचं आहे.” ती खाटेच्या कडेला टेकली. “आजी, वार उलटे सांगाल? शनिवार, शुक्रवार…”

“शनिवार… शुक्रवार…” वनमालाबाईंची नजर पंख्याकडे गेली. तिथून खाटेखाली. मग डोळे मिटायला लागले.

“सारखं असंच असतं? की मध्येच बऱ्या असतात?”

“पहाटे मला नावाने हाक मारली. पाणी मागितलं. तासाभराने विचारतात, तू कोण गं?”

“याला डेलिरियम म्हणतात. अचानक आलेला गोंधळ. याच्या मागे काहीतरी कारण असतं, ते शोधायचं. लघवीचा त्रास? नवीन गोळी?”

राजेश खाली बघत म्हणाला, “झोप लागत नव्हती तिला. मेडिकलवाल्याकडून गोळी आणली मी. रविवारपासून देतोय.”

“ती बंद. लघवी तपासू. चष्मा घरून आणा, आणि घरचं माणूस जवळ बसू दे. म्हणजे बांधायला लागणार नाही.”

गाठी शीतलनेच सोडल्या. मनगटांवर लाल वळ उठले होते. सासूबाई उठायला लागल्या, तसा तिने त्यांचा हात धरला. “झोपा, आई. पोरांना मी बघते.”

“तुका जमाचा नाय,” वनमालाबाई म्हणाल्या.

दोन दिवसांत पहिल्यांदा शीतलला हसू आलं, आणि त्याबरोबर रडूही.

लघवीत जंतुसंसर्ग निघाला. औषध सुरू झालं आणि आठवड्याभरात वनमालाबाई हॉस्पिटलच्या डाळीला नावं ठेवायला लागल्या. राजेशने मान खाली घालून वृद्धाश्रमाचा विषय मिटवला. पण घरी सोडताना डॉक्टरने सांगितलं होतं, तीन महिन्यांनी स्मरणशक्ती नीट तपासू.

तीन महिन्यांनी तिघं परत गेले. वार उलटे घडाघडा आले. पण लक्षात ठेवायला सांगितलेल्या तीन शब्दांतला एकच उरला. कागदावर काढलेल्या घड्याळात आकडे बरोबर होते, काटे भलतीकडे गेले होते.

“थोडी सुरुवात आहे,” रेवती हळू आवाजात म्हणाली. “हा डिमेन्शिया असू शकतो. आणखी तपासण्या करू.”

राजेश शीतलकडे वळला. “मग आता आईला बदलापूरला…”

“राजू, मी हयच बसलंय. माझ्याशी बोल.”

राजेश आईकडे वळला.

“इसारतंय मी. तुमच्याआधी माका म्हायत होता. म्हणान काय आजच माका घरातून काढतलस? उद्या काय व्हायचा ता होवंदे. तवसर मी माझ्या घरात रवतलंय. माझा काय करायचा, ता माका इचारून.” मग डॉक्टरकडे बघून त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, “लिहून घ्या हवं तर.”

“लिहिते, आजी,” रेवती म्हणाली, आणि तिने खरंच लिहिलं.

बाहेर रिक्षा मिळाली. वनमालाबाई आधी चढल्या.

“किधर जाना है, मौसी?”

त्यांनी तोंड उघडलं. ठिकाणाचं नाव येईना. ओठ हलले, थांबले. राजेश पुढे वाकला, तसं शीतलने त्याचं मनगट घट्ट दाबलं.

वनमालाबाईंनी पदर खोचला. “तू चल. कहाँ मुडने का, मैं बताती.”

रिक्षा निघाली. पहिल्या सिग्नलला त्या जरा पुढे सरकल्या, रस्त्याकडे निरखून पाहिलं, आणि हात बाहेर काढून डावीकडे, घराच्या रस्त्याकडे दाखवलं.