घुबडआजी

चिमी चोवीस वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची आणि दिवसभर गिऱ्हाइकांना "आता खालची ओळ दिसतेय का?" असं विचारून इतकी विटलेली असायची, की घरी आल्यावर एक अक्षर बोलायला नको वाटायचं. वडील गेल्यापासून घरात ती आणि आई, दोघीच. आई पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. दोघींचं बोलणं म्हणजे गॅस संपलाय, किल्ली घेतलीस का, एवढंच. चिमीचं खरं आयुष्य शनिवारी सुरू व्हायचं.

शनिवारी 'सात पिसांचं राज्य'वाल्यांची टोळी जमायची. ही एक परदेशी अ‍ॅनिमे मालिका. तिच्यावर व्हिडिओ गेमही निघाला होता. टोळीत सहाजण. सगळे नोकरीला लागलेले, आणि "या वयात कार्टून?" हे ऐकून ऐकून सगळ्यांचीच कातडी सोलवटलेली. त्यांतल्या लंबूच्या काकांचं फर्निचरचं गोदाम होतं. तिथे विकायला ठेवलेल्या सोफ्यांवर, प्लास्टिक न काढता, ही मंडळी बसायची, भाग बघायची, गेम खेळायची, भांडायची. कुठल्या भागात कोण काय बोललं, चिमीला तोंडपाठ. वाद पेटला की लंबू म्हणायचा, "थांबा, चिमीला विचारा." एवढ्या वाक्यावर चिमीचा पुढचा आठवडा निघायचा.

एकदा ती घरी भाग बघत होती आणि मागे आई कपड्यांच्या घड्या घालत होती. पडद्यावर घुबडआजी मेली. घुबडआजी म्हणजे त्या राज्याची राखण करणारी म्हातारी. अंगभर पिसं आणि जिभेला हाड नाही.

"मेली?" आईच्या हातातली चादर तशीच राहिली. "परत येते का ग ती?"

"तुला काय करायचंय?"

"आवडायची मला. सगळ्यांना शिव्या देते आणि सगळ्यांसाठी तीच धावते."

चिमीने कपाळाला आठ्या घालत सांगितलं की पहिल्यापासून बघितल्याशिवाय कळणार नाही. आईने ते मनावर घेतलं. पहिल्यापासून बघितलं. मग टोळीतली नर्स काही कामासाठी घरी आली आणि आई तिच्याशी घुबडआजीच्या मरणावर तासभर बोलली. जाताना नर्स म्हणाली, "मावशी, शनिवारी याच तुम्ही."

शनिवारी आई गोदामात गेली आणि टोळी तिच्या गळ्यातच पडली. गेमचं रिमोट तिला उलटं धरायला आवडायचं की सरळ धरता येतच नव्हतं, कोण जाणे, पण ती दरीत पडली की सगळे हसून लोळायचे आणि आई सगळ्यांत जास्त हसायची. कुणाची आई घरातली पोस्टरं फाडत होती, कुणाचा बाप जेवताना टोमणे मारत होता; इथे एक आई सोफ्यावर पाय वर घेऊन विचारत होती, "मग त्या धनुर्धारीने त्याला माफ का केलं रे?" लंबूने तर आपल्या काचेच्या कपाटातली घुबडआजीची वीतभर मूर्ती आणली आणि लाजत म्हणाला, "मावशी, हिला एक झगा शिवाल?" आईने मखमलीच्या तुकड्याचा शिवला, आतून अस्तर लावून.

आणि चारचौघांत ती हाक मारायची, "चिमे, तोंड पुसून घे." तेही खपलं असतं. पण एका शनिवारी आईला दुकानात जादा काम निघालं. चिमी एकटी गोदामात शिरली, तेव्हा लंबूने मान वर करून तिच्या मागे दाराकडे पाहिलं.

"एकटीच? मावशी कुठेय?"

त्या दिवशी वाद पेटला तेव्हा नर्स म्हणाली, "मावशींना विचारू पुढच्या वेळी."

चिमीच्या तोंडून ते आपोआप निघालं. निदान पुढे ती स्वतःला तसंच सांगायची.

"विचारा, विचारा. घरी जाऊन नक्कल करते ती तुमची."

"म्हणजे?"

"माझ्या मामीला फोनवर सांगत होती. केवढाले घोडे झालेत, आणि बाहुल्यांना कपडे शिवून मागतात."

लंबूचे कान लाल झाले. वाक्य खोटं नव्हतं. आई खरंच मामीला तसं म्हणाली होती, पण म्हणताना लाडाने हसत होती आणि पुढे म्हणाली होती, "इतकी गोड पोरं आहेत ग, मला आधी का नाही भेटली." चिमीने ते पुढचं तेवढं गाळलं.

आईला कुणी काही सांगितलं नाही. महिन्याअखेर शहरातल्या अ‍ॅनिमेप्रेमींचा मेळावा होता, एका बॅडमिंटनच्या हॉलमध्ये. आई घुबडआजी होऊन मंचावर जाणार होती. तिने आधी चिमीचा धनुर्धारीचा पोशाख पुरा केला, मग स्वतःचा. पडद्यांच्या उरलेल्या कापडातून कापलेलं एकेक पीस. आदल्या दिवशी टोळीच्या ग्रुपवर, आई ज्यात नव्हती अशा ग्रुपवर, लंबूने लिहिलं, "उद्या पाठ. तू पण वळशील ना?" चिमीने अंगठा टाकला.

मालिकेत राज्याशी बेइमानी करणाऱ्याला मारत नाहीत. सगळे उभे राहतात, कानांवर हात ठेवतात आणि त्याच्याकडे पाठ करतात. मग तो माणूस राज्यात कुणाचाच उरत नाही.

आई मंचावर आली तेव्हा हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या, इतकी ती हुबेहूब होती. तिने पंख पसरले आणि घुबडआजीचं भाषण सुरू केलं. दुसऱ्याच वाक्याला पहिल्या रांगेतले पाचजण उठले. कानांवर हात. वळले. आईचा आवाज अडखळला. तिने चिमीकडे पाहिलं, एकटी चिमीच अजून बसलेली होती. आईच्या तोंडावर सुटकेसारखं काहीतरी आलं.

चिमी उठली आणि वळली.

वळल्यामुळे तिला मागचा हॉल दिसला. लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे. ते खूश झाले. रांगांमागून रांगा हसत उठल्या, कानांवर हात ठेवून वळल्या. कुणी मोबाइल उंच धरून उलटं चित्रण करत होतं. सगळ्या हॉलची पाठ मंचाकडे. माइकमधून फक्त आईचा श्वास ऐकू येत होता. मग निवेदक ओरडला, "काय कल्पना आहे! जोरदार टाळ्या!" आणि टाळ्या पडल्या.

बसमध्ये आई पिसांसकटच बसली होती. तिने विचारलं, "माझं काय चुकलं ग?"

"काही नाही."

"सांग ना. त्यांना जाऊन सांगते, चुकलं म्हणून."

"तुझं वय चुकलं, आई. शोभत नाही ते. कुणीतरी कधीतरी सांगणारच होतं."

आईने मान हलवली. तिला पटलं होतं. घरी आल्यावर तिने पोशाख उसवला, वापरता येईल तेवढं कापड दुकानात परत नेलं.

चिमीची खुर्ची तिला परत मिळाली. वाद पेटला की पुन्हा तिलाच विचारायचे, जरा गप्पगप्प राहून का होईना. दोनेक महिने गेले. मग एका शनिवारी लंबू आला तो तिच्या शेजारी येऊन बसला.

"आज मावशी भेटल्या. औषधाच्या दुकानात."

चिमीने गेम थांबवला नाही. "मग?"

"मला राहवलं नाही, सरळ विचारलं. म्हटलं, मावशी, चिमी म्हणाली तुम्ही घरी आम्हाला हसता. खरं का?"

पडद्यावर चिमीचा खेळाडू दरीत कोसळला.

"काय म्हणाली?"

"क्षणभर माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, हो, हसत होते. चिमी खोटं कशाला सांगेल?" लंबूने उसासा टाकला. "कबूल तरी केलं बाईने. तू नसतीस तर आम्ही मूर्खच बनत राहिलो असतो."

त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. नर्सने तिच्याकडे जरा कौतुकाने पाहिलं.

घरी जाताना चिमीने उत्तरं जुळवली. मी तसं म्हटलंच नव्हतं. त्यांनी वाढवून सांगितलं. तूच म्हणाली होतीस ना मामीला? तीन-चार तयार ठेवली आणि दार उघडलं.

आईने विचारलं, "जेवतेस ना?" ताट वाढलं, पाण्याचा पेला भरून ठेवला. चिमी वाट बघत होती. आईने भाजी आणखी हवी का विचारलं. मग स्वतःचं ताट उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन, दार लोटून जेवायला बसली.

त्यानंतर ती रोज तिथेच जेवू लागली. त्या गोष्टीचा एक शब्द तिने कधी काढला नाही. आणि पहिले काही दिवस, खरं सांगायचं तर, चिमीला हायसंच वाटलं.