माझी मागची कोरी पानं

मी कादंबरी बोलतेय. वादळं, निर्जन बेट, सोन्याच्या पेट्या, सगळं माझ्या पोटात आहे. लोक मला अजरामर म्हणतात. म्हणजे काय, तर न वाचता कौतुक करायची सोय!

मी एका बाइंडरच्या दुकानात आले तेव्हा माझी शेवटची पानं वाळवीने फस्त केली होती. मला बांधायला टाकणारा पुन्हा फिरकलाच नाही. बाइंडरने पाठ लुळी पडू नये म्हणून मागे तेवढीच कोरी पानं घालून मला शिवलं आणि लेकीसाठी घरी नेलं.

लेकीला तेव्हा अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी तो वाचायचा, ती ऐकायची. तिचा जीव जडला जहाजावरच्या आचाऱ्यावर. तो बिचारा बेटावर एकटाच मागे राहतो.

"बाबा, त्याला न्यायला येतील ना?" ती रोज विचारायची.

छापील पानं संपली. बाइंडर जरा खाकरला आणि तितक्याच गंभीरपणे पुढे वाचत राहिला. जहाज माघारी वळलं, आचारी सापडला, घरी पोचला. एकेक कोरं पान तो शिस्तीत उलटत होता. मला गंमत वाटली, दुसरं काय!

लेक मोठी झाली, संसाराला लागली. मी दुकानातल्या फळीवर धूळ खात पडले. परवा ती तणतणत आली. हातात माझीच नवी प्रत.

"बाबा, हे काय भलतंच! आचारी परत येतो, असं मी छोटीला छातीठोकपणे सांगितलं होतं. इथे तर सगळे सोनं घेऊन घरी जातात, त्याचं कुणी नावसुद्धा काढत नाही! पोरगी जेवली नाही काल. 'तू खोटं बोललीस' म्हणते मला."

"असं होय!" बाइंडर म्हणाला. "मला तरी कुठे ठाऊक होतं? तो शेवट मी वाचलेलाच नाही."

त्याने मला खाली काढून तिच्या हातात दिलं. तिने मागची पानं उघडली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात खळीने माखलेल्या अंगठ्याचा डाग होता. तिला रडूच आलं.

"आणि मी इतकी वर्षं त्या लेखकाचे गुण गात होते!"

"मग आता माझे गा."

ती हसली, डोळे पुसले आणि मला पिशवीत घालून घेऊन गेली.

छोटीला वाचता येतं. "आई, इथे तर काहीच लिहिलेलं नाही," ती लगेच म्हणाली.

"आजोबांनी वाचलंय ते. ऐक."

लेकीने जुन्या डागावर अंगठा ठेवून पान उलटलं. जहाज माघारी वळलं. बेट दिसू लागलं आणि ती अडखळली. "पुढचं मला नीट आठवत नाही गं."

छोटीने मला ओढून घेतलं. "दे इकडे," म्हणाली, आणि पान उलटून पुढे वाचू लागली.

आता माझी शिवण पुन्हा सैल झालीय, आणि बाइंडरही थकलाय. पुढेमागे दुसऱ्या कुणाच्या हाती मला बांधायला दिलंत, तर त्याला एवढं सांगा: मागची पानं कोरी दिसली तरी काढू नकोस. आचारी घरी पोचतो तो तिथेच.