आडवी धरली की विझते

माळावर अख्खी वस्ती लोटली होती. कामावरून परस्पर आलेले होते, तान्ह्यांना कडेवर घेतलेल्या होत्या, काठ्या टेकत आलेले होते, आणि ज्यांना घरी टीव्हीवर बघण्यासारखं काही नव्हतं तेही होते. सूर्य नुकताच बुडाला होता. डोक्यावरून उच्च दाबाची जुनी वीजवाहिनी गुणगुणत गेली होती. तिच्या बरोबर खाली, अनवाणी पायांनी, पांढऱ्या कफनीतला उजेडबाबा उभा होता आणि त्याच्या हातात एक ट्यूबलाइट होती. साधी चार फुटी, तुमच्या-आमच्या छताला असते तशी. तिला ना वायर, ना पट्टी, ना चोक.

"बघा बाळांनो! ही मेलेली नळी आहे. हिच्यात प्राण नाही. पण या माउलीच्या अंगात तारेचं विष किती साचलंय, ते ही सांगेल!"

माउली म्हणजे गल्लीतली मावशी. गुडघेदुखीने आठ वर्षं बेजार. ती स्टुलावर बसली होती. बाबाने ट्यूब तिच्या डोक्यावर उभी धरली आणि ट्यूब उजळली. दुधी, थरथरता उजेड मावशीच्या पांढऱ्या केसांवर पडला. गर्दीने तोंडात बोटं घातली.

बाबा काहीबाही पुटपुटला. ते कोणत्या भाषेत होतं हे त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्याने ट्यूब हळूहळू खाली झुकवली, अगदी आडवी केली, आणि उजेड विझला.

"ओढलं! सगळं विष मी माझ्यात ओढून घेतलं!"

मावशी अशी उठली की स्टूलच मागे पडलं. "हलके झाले गं बाई गुडघे!" ती ओरडली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

या गर्दीत तिसऱ्या रांगेत शिवणताई उभी होती. गल्लीच्या तोंडाशी खाली तिचं शिवणाचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. नवऱ्यामागे तिने मशीन चालवून ते घर उभं केलं होतं. नवी, याहून मोठी वीजवाहिनी वस्तीवरून जाणार असं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी हरकतीचा कागद तिनेच लिहिला. तारेखालच्या पट्ट्यात एकही घर ठेवत नाहीत. गल्लीच्या टोकाची काही घरं त्या पट्ट्यात जाण्याची भीती होती. सोमवारी सुनावणी होती.

विरोध समितीचा अध्यक्ष म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. लाकडाच्या वखारीचा मालक. सगळी वस्ती त्याला दादा म्हणायची. आत्ता दादा बाबाच्या शेजारी हात जोडून उभा होता.

"छोटी, तुझं डोकं दुखतं ना सारखं?" दादाने तिला हाक मारली. "ये, बस. लाजतेस काय?"

ती बसली. खरं सांगायचं तर तिलाही बसायचंच होतं. दोन महिने कपाळ ठणकत होतं, आणि जुन्या तारेमुळेच ते ठणकतं, असं समितीच्या सभेत तीच सगळ्यांना सांगत आली होती.

डोक्यावर उजेड पडला. "अरे बापरे! हिच्यात तर रोहित्राएवढं साचलंय!" बाबा म्हणाला. लोक हसले. पुटपुट झाली, ट्यूब झुकत झुकत तिच्या नाकासमोर आडवी आली आणि विझली. टोकाची पत्र्याची टोपी तिच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होती. टोपीवर निळ्या शाईने लिहिलं होतं: चौदा जून, मशीनवरची.

अक्षर तिचं होतं.

शिवणताईला एक खोड होती. ट्यूब आणली की टोपीवर तारीख टाकायची. कारण वस्तीतला दुकानदार विकताना म्हणायचा, "सहा महिन्यांत गेली तर बदलून देतो," आणि गेली की विचारायचा, "कधी नेली होती?" ही ट्यूब गेल्याच महिन्यात गेली होती. दाराआड उभी करून ठेवलेली दादाने पाहिली आणि म्हणाला, "काच आहे, कुणाला तरी लागेल. दे, मी टाकतो नेऊन." केवढी काळजी, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

बाबाचा आवाज चढला होता. "ऐका! ही तार आज मी बांधली. हिची थोरली बहीण आली तरी या वस्तीला तिचा वारा लागणार नाही. मग कशाला हरकती? कशाला कागद? जो तारेशी भांडतो, त्यालाच ती डसते!"

बाजूला समितीचं टेबल मांडलेलं होतं. मागच्या आठवड्यात याच टेबलावर हरकती गोळा केल्या होत्या. आज त्यावर दुसरे कागद होते, छापून तयार: मी माझी हरकत स्वखुशीने मागे घेत आहे. लोक रांगेत उभे राहून सह्या करत होते. मावशीने तर अंगठा उमटवून वर कागदाला नमस्कार केला.

शिवणताई उठली आणि कुणाशी न बोलता गर्दीतून बाहेर पडली.

ती थेट शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे गेली. हरकतींचा मसुदा सरांचा. पण सरांचं बोलणं रुक्ष, त्यात ना विष ना वारा, म्हणून समितीत त्यांना कुणी फारसं विचारत नसे. सर वह्या तपासत बसले होते.

"सर, गेलेली ट्यूब हातात पेटते का हो?"

"मोठ्या तारेखाली? पेटते की." सरांनी पेन खाली ठेवलं. "ट्यूब जाते म्हणजे तिच्या टोकांतली बारीक तार तुटते. आतला वायू आणि काचेचा पांढरा लेप शाबूत असतो. तारेखालच्या हवेत विजेचा ओढा असतो, वरून खाली. ट्यूब उभी धरली की ती त्या ओढ्याच्या वाटेत येते आणि उजळते. आडवी धरली की विझते. माणूस कुणीही असो."

"म्हणजे माझ्या अंगात काही नाही?"

"ताई, तुम्ही सुईत दोरा किती वेळात ओवता हल्ली?"

तिने मनात मोजलं. चौथ्या-पाचव्या प्रयत्नात जायचा.

"चष्मा लागलाय तुम्हाला, कपाळ त्याने ठणकतं. सभेत तेव्हाच म्हणालो होतो, ज्याचा पुरावा आपल्यापाशी नाही ते रोग कागदात घालू नका. घरं जातात आणि माळावरून दुसरी वाट आहे, एवढं पुरेसं आहे. पण लोकांना भीती जास्त आवडली." सरांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्हालाही."

हे तिला झोंबलं, पण खोटं नव्हतं. बाबाने पीक काढलं होतं, पण पेरणी तिच्याही हातची होती.

सरांनी कपाटातून एक घडी केलेला कागद काढला. "हे आजच कचेरीतून आणलंय. नवा नकाशा." आधीच्या नकाशात तारेची रेघ दादाच्या वखारीवरून जाऊन गल्लीच्या टोकाला जेमतेम शिवत होती. नव्यात रेघेने वखारीला छान वळसा घातला होता आणि मग ती गल्लीच्या मधोमध, सुईच्या टाक्यासारखी सरळ, शिवणताईच्या घरावरून गेली होती; पट्ट्यात आता बावीस घरं येत होती. खाली लिहिलं होतं: समितीच्या अध्यक्षांच्या सूचनेनुसार.

तिने ती ओळ तीनदा वाचली. चष्मा नसूनही ती स्वच्छ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वखारीत गेली. करवत चालू होती. दादाने हात करून ती थांबवायला लावली.

"दादा, माझी ट्यूब कुठे टाकलीस?"

त्याने अंगावरचा भुसा झटकला. पुन्हा झटकला. नसलेलाही झटकला.

"लोक घाबरले होते गं. त्यांना जरा धीर दिला."

"माझ्या दारामागच्या ट्यूबने? आणि तो नकाशा?"

"तार येणारच होती, छोटी. कुणाच्या तरी डोक्यावरून जाणारच होती. माझी वखार गेली तर काय उरतं माझ्याकडे? तुला मी वाऱ्यावर सोडणार होतो का? माझ्या मागच्या दोन खोल्या आहेत, ये राहायला."

"आणि मावशी? आणि बाकीची वीस घरं? तीही येतील त्या दोन खोल्यांत?"

त्याने करवत पुन्हा चालू करायची खूण केली. हाच दादा, ज्याने तिला पायाने मशीन चालवायला शिकवलं होतं. सासऱ्यांनी दुकानाला नकार दिला, तेव्हा त्यांच्यासमोर ठाण मांडून बसला होता. परका माणूस फसवतो तेव्हा राग येतो आणि उतरतो. याने तिचा केसाने गळा कापला होता, तोही सगळ्यांदेखत, कपाळावर उजेड पाडून. रस्त्यावर आल्यावर तिला रडू फुटलं. तिने ते पुसलं आणि घरोघर माळ्यावर पडलेल्या गेलेल्या ट्यूबा मागायला निघाली.

संध्याकाळी माळावर कालच्याहून जास्त गर्दी होती. शिवणताई आणि सर चादरीत गुंडाळून अकरा ट्यूबा घेऊन आले.

"बाबा, काल तुम्ही तार बांधलीत ना?" तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"बांधली! सात गाठी मारल्या!"

"मग आज ही का पेटते?" तिने एक ट्यूब उभी धरली. ती उजळली. गर्दी एक पाऊल पुढे सरकली.

बाबा कच्चा नव्हता. "माझी शक्ती आहे ती! मी जवळ उभा आहे म्हणून पेटली."

"असं होय? मग तुम्ही जरा त्या नाल्यापलीकडे जाऊन उभे राहता का?"

लोक हसले. बाबाला जावंच लागलं. तो गेला आणि शिवणताईने पहिली ट्यूब मावशीच्या हातात दिली.

"अगं मला नको! डसेल!"

"टोपीला धर. सरांनी सांगितलंय, हातातच धरायची, काठीला बांधून वर न्यायची नाही. मी धरलीये ना? धर."

मावशीने डोळे मिटून धरली. उघडले तर हातात उजेड. तिने ट्यूब आडवी केली, विझली. उभी केली, पेटली. आडवी, उभी, आडवी, उभी. "मेल्या," ती नाल्याकडे बघून म्हणाली, "हे तर मलाही येतंय!" पण कफनी केव्हाच दिसेनाशी झाली होती. बाबाने नाला ओलांडला तो पुढे सगळेच रस्ते ओलांडत गेला होता.

मग शिमग्याची होळी पेटावी तशी सगळ्या माळावर एकच घाई उडाली. रिक्षावाला, पिठाच्या गिरणीचा मालक, नर्स, सगळ्यांना ट्यूब हवी. अकराच्या अकरा उजेड अंधारात वर-खाली होऊ लागले. सरांनी हवेतल्या ओढ्याचं सांगितलं आणि पहिल्यांदाच त्यांचं रुक्ष बोलणं लोकांनी कान देऊन ऐकलं.

"पण गुडघे हलके झाले होते ते?" मावशीने विचारलं.

"आज कसे आहेत?"

मावशीने पाय हलवून पाहिला. "तसेच आहेत मेले," ती म्हणाली.

शेवटी शिवणताईने बाबा टाकून गेलेली ट्यूब उचलली आणि टोपीवरची तारीख वाचून दाखवली. ती कुणाच्या दुकानातली, कुणी नेली, हे सांगितलं. मग नकाशा पसरला. तिने काही गाळलं नाही. तिने कपाळदुखीचंही सांगितलं. "तारेचा रोग म्हणून मी तुम्हाला भीती घातली. मला ठाऊक नव्हतं, तरी ठाऊक असल्यासारखं बोलले. ती चूक माझी आहे."

दादा गर्दीच्या कडेला उभा होता. लोकांनी त्याच्याभोवती जागा मोकळी केली होती, जशी काल बाबाभोवती केली होती. तो तिच्याजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "घरातली गोष्ट होती, छोटी. चव्हाट्यावर आणलीस."

"घर पाडायला निघालास तेव्हा ती घरातली नव्हती?" ती म्हणाली. "मला एकटीला सांगितलं असतंस, 'माझी वखार वाचव', तर मी तुझ्यासाठी दुसरी हरकत लिहिली असती. मी लिहिली असती रे, दादा."

तो मान खाली घालून निघून गेला. तिने त्याला थांबवलं नाही.

टेबल पुन्हा मांडलं गेलं. कालचे कागद फाडले, नवे लिहायला घेतले. ट्यूबांच्या उजेडात काही नीट दिसेना, म्हणून रिक्षावाल्याने रिक्षाचा दिवा टेबलाकडे वळवला. कागदात विष नव्हतं, वारा नव्हता. बावीस घरं, त्यांची मापं, माळावरून जाणारी दुसरी वाट, आणि ती का चालेल याची कारणं. सोमवारी ही सुनावणी जिंकू की हरू, हे सरांनाही सांगता येत नव्हतं. पण जे मांडायचं ते खरं होतं आणि कुणीही पडताळून पाहू शकलं असतं.

मावशीने अंगठा लावण्याआधी कागद वाचून दाखवायला लावला, शब्दन् शब्द.

तेव्हा मंडळी, तुमच्या वस्तीतही कुणी मेलेल्या वस्तूतून उजेड काढून दाखवील. नमस्कार करू नका, मारायलाही धावू नका. फक्त हात पुढे करा आणि म्हणा, "आण इकडे, माझ्या हातात पेटते का बघू." आणि तो उजेड दाखवणारा तुमचा सख्खा भाऊ असला, तर हात जरा जास्तच पुढे करा. त्या वेळी तो मागे राहू बघतो. शिवणताईने तरीही पुढे केला.