धुराड्याचं ठिगळ

मिस्त्री बोलवायचा नाही, हे जावयानं ठरवलं ते सासऱ्यांमुळेच. थंडीपुरते लेकीकडे आलेले सासरे लोखंडी शेगडीजवळच्या खुर्चीत बसून दिवसभर उंटावरून शेळ्या हाकायचे. शेगडीचा पाइप वरच्या वळणावर गंजून फुटला, तेव्हा म्हणाले, "जावईबापू, हे तुमचं काम नव्हे. माणूस बोलवा."

झालं. जावई तडक शिडीवर चढला. भोकातून पत्र्याचा एक तुकडा आत सरकवला, बाहेरून दुसरा गुंडाळला, तारेनं करकचून आवळला आणि कडांना आगीत टिकणारी माती थापली. शेगडी पेटवली तर धुराची रेघही बाहेर येईना.

"कसं काय, बाबा?"

"दिसतंय तर छान," सासरे म्हणाले.

दोन-चार दिवसांत सासऱ्यांचं डोकं दुखायला लागलं. मग बायकोचंही.

"बाहेर पडलं की बरं वाटतं," ती म्हणाली. "घरात आलं की पुन्हा ठणका सुरू."

"म्हणजे नवऱ्याचं घर डोक्यात जातंय म्हण की."

ती हसली नाही. "पाइपाचं तर काही नसेल?"

"धूर दिसतोय कुठे? दाखव."

धूर दिसत नव्हताच. काचांवरून मात्र हल्ली पाणी ओघळायचं आणि शेगडीतली ज्योत पिवळी, सुस्तावलेली असायची. लाकडं ओली असतील, असं त्यानं स्वतःला समजावलं.

त्या सकाळी बायको आधीच कामावर गेली होती. सासऱ्यांनी चहा तसाच ठेवला होता. "आज शेगडी नको पेटवायला," ते हळूच म्हणाले. त्यांच्या बोलण्यात नेहमीची खोच नव्हती.

"आणि तुम्ही गारठलात तर तुमची लेक मला सोडेल का?" असं म्हणत त्यानं शेगडी गच्च भरली, दार ओढून घेतलं आणि निघाला.

त्याचंही डोकं जड होतं. कारखान्यात पोचून मशिनवर उभा राहिला आणि हळूहळू डोकं हलकं झालं. कालही असंच झालं होतं, परवाही. बाहेर पडलं की बरं वाटतं. मशिन चालू ठेवूनच तो पळत सुटला.

घरात अजिबात धूर नव्हता. छान ऊब होती. सासरे खुर्चीत होते, हनुवटी छातीला टेकलेली, गालांवर लाली. इतके टवटवीत ते कधीच दिसले नव्हते. त्यानं हाका मारल्या, हलवलं, मग बखोटीला धरून फरफटत पायरीवर आणलं. शेजारणीनं गाडी बोलावली.

सासरे वाचले. पण शब्द गेले; शेगडीचा न दिसणारा विषारी वायू भिनला होता, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातल्या खाटेवरून ते लेकीकडे ओळख नसल्यासारखे बघायचे.

मिस्त्रीनं पाइप उतरवला. आत सरकवलेला पत्रा आडवा होऊन बसला होता, त्यामागे काजळीचा ढीग. जेमतेम बोट जाईल एवढी वाट उरली होती.

बायकोनं तो पत्रा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "त्या दिवशी बाबा काही म्हणाले होते का?"

कुणी ऐकलं नव्हतं. नाही म्हणता आलं असतं.

"पेटवू नका म्हणाले होते," तो म्हणाला.

तिनं पत्रा खाली ठेवला, बाबांच्या धुतलेल्या कपड्यांची पिशवी उचलली आणि दवाखान्यात निघाली. तोही चपला घालायला वाकला.

"तू नको येऊस," ती म्हणाली.